मी गाळलेलं नाव

त्या वर्षी देशात काय काय घडलं ते मला आजही घडाघडा सांगता येतं, कारण आमच्या घरात ते सगळं माझ्याच तोंडून आलं होतं. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण पेपरचं वेड होतं. नागपूरचा पेपर रेल्वेच्या छोट्या गाडीनं मूल गावाला यायचा, तिथून डाकवाला सायकलवर पोंभुर्ण्याच्या वाटेला लागायचा आणि आमच्या गावी पोचेपर्यंत बातमी तीन दिवसांची व्हायची. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. "आपल्याले कुठी दिल्लीले जाऊन निवाडा कराचा हाये?" म्हणायचे. संध्याकाळी धानाच्या बांध्यांवरून परत आले की पाय धुऊन ते सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, खाटेवर बसायचे. शेजारचे चार-पाच जण तंबाखू मळत खाली टेकायचे. आत माय लाखोळीचं वरण घोटत असायची, जवसाची चटणी कुटल्याचा वास बाहेरपर्यंत यायचा, आणि बाबा म्हणायचे, "हं शेवे, चालू कर."

मी शेवंता, पंधरा वर्षांची, चौथी पास. गावात एवढं शिकलेली दुसरी पोरगी नव्हती. कंदिलाजवळ मांडी घालून मी वाचायला लागले की मोठमोठी माणसं तंबाखू तोंडात टाकायची थांबायची. प्रांत मोडून नवे प्रांत होणार, नागपूरची राजधानी जाणार, आपण मुंबईच्या राज्यात जाणार, हे सगळं त्यांना मी सांगितलं. "मुंबई कुठी अन आपण कुठी!" बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. माय आतूनच ओरडली, "भात तर इथीच शिजन ना? मंग बसा चूप." कळायचं नाही तेव्हा मी पदरचं घालायचे. कोण तपासणार होतं? पंतप्रधान कुठल्या देशाला गेले हे वाचता आलं नाही तर मी सरळ काशीला पाठवायचे. हॉकीचं तर विचारूच नका. आपला देश हॉकीत कोणाला हरत नाही याचा बाबांना कोण अभिमान, पण त्यांनी खेळ कधी पाहिला नव्हता आणि मीही नाही. मी सांगून टाकलं होतं की ज्याचा चेंडू सगळ्यांत लांब जाईल तो जिंकला, आपल्या विटीदांडूसारखं. दोन वर्षं आमची सपरी तेच धरून चालली होती.

मग वहिनी आली. नामदेवदादाचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. मुलगी बल्लारशाची, बाप रेल्वेत. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावांना वाढवता वाढवता तिचं लग्न लांबलं होतं. एकवीस पुरी होऊन गेली होती आणि गावातल्या बाया त्यावरून कुजबुजत होत्या. मला त्याचं बरंच वाटलं. पण ती सातवी पास आहे हे कळलं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. उंच होती, चालताना पाय आपटत नव्हती, डोक्यावरचा पदर न सावरता सावरलेला असायचा. मला "बाई" म्हणायची, अहोजाहो करायची. मला वाटायचं ही मुद्दाम करते.

पहिले पंधरा दिवस ती आतच होती. मग एकदा डाकवाला आला तेव्हा मी विहिरीवर होते. परत येऊन पाहते तर बाबा खाटेवर, वहिनी दाराच्या आड, पदर पुढे ओढून, आणि आतून तिचा आवाज येत होता. अडखळणं नाही, थांबणं नाही. मी जी नावं चावून गिळायचे ती ती सरळ घेत होती. त्या वर्षी हॉकीचा चमू परदेशी जायचा होता, त्याची बातमी होती. बाबांनी माझं विटीदांडूचं शास्त्र तिला ऐकवलं. तिनं हसू दाबलं, ते मला पदराआडूनही दिसलं. मग ती बाहेर आली, सूप आणलं, त्यात पोपटाचे, म्हणजे वालाचे, दाणे टाकले, हे आपले अकरा, हे त्यांचे अकरा, ही दोन्हीकडची जाळी असं मांडून दाखवलं. रेल्वेच्या मैदानावर तिचे भाऊ रोज खेळायचे. बाबा पोरासारखे वाकून पाहत होते. शेवटी मान वर करून मला म्हणाले, "अन तू काय सांगून राह्यली होती वं शेवे इतके दिवस?" सपरीतली सगळी माणसं हसली. बाबांच्या मनात काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मी आत जाऊन पाण्याच्या घागरीवर इतक्या जोरानं झाकण आपटलं की मायनं विचारलं, "काऊन, तुले काय झालं?"

त्या दिवसापासून पेपर वहिनीकडे गेला. कोणी तसं ठरवलं नाही. डाकवाला आला की बाबा आत पाहून "सूनबाई" म्हणायचे, एवढंच. मला वाचायला कोणी मनाई केली नव्हती, पण मी वाचायला बसले की दोन ओळींतच बाबांची नजर दाराकडे जायची. मी पेपरला हात लावायचा सोडला. मला जेवण जाईना. वहिनीच्या हातचं वांगं सगळे बोटं चाटून खायचे आणि मी म्हणायचे तिखट झालं. ती दुसऱ्या दिवशी माझ्यापुरतं वेगळं, कमी तिखटाचं काढायची. त्यानं तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता मी ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहते. घरात दोन पेपर येतात आणि दुपारपर्यंत घडीसुद्धा मोडलेली नसते. नातसुनेला मी एवढंच सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, पेपरसाठी कोणी इतकं जळतं का?" मी म्हटलं, जळतं. ज्याच्यापाशी एकच गोष्ट असते ते जळतं.

दसरा झाला आणि निवडणुकीचं वारं सुटलं. त्याआधीची निवडणूक, देशातली पहिली, मला आठवत होती. तेव्हा नावं लिहायला माणूस आला तर आमच्याकडच्या बाया दारामागून बोलायलाच तयार नव्हत्या. परक्या पुरुषाला नाव सांगायचं म्हणजे काय! म्हणून कागदावर "सीतारामची बायको", "वारलूची माय" असं लिहिलं गेलं, आणि वरच्या साहेबांनी ती सगळी नावं काटून टाकली. माझ्या मायचं नाव त्यातच गेलं. ती मत द्यायला गेली आणि तशीच परत आली. तिला काही वाटलं नाही, पण बाबांना फार लागलं होतं. या खेपेला पटवारी दिवाळीच्या तोंडावर यादीची शेवटची तपासणी करायला आला, तेव्हा त्यानं शहाणपणा केला. बाबांना म्हणाला, "सीतारामभाऊ, तुमची पोरगी द्या चार दिवस. बाया मले नाव नाई सांगत, तिच्या कानात सांगतीन." मग माझ्याकडे वळून बोट नाचवत म्हणाला, "एक ध्यानात ठेव. बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. अमक्याची बायको असं लिवलं का काटलंच समज."

त्या चार दिवसांत गावात माझ्याइतकं मोठं कोणी नव्हतं. पटवारी अंगणात वही घेऊन बसायचा, मी आत जायचे, बाई माझ्या कानाशी वाकायची आणि मी बाहेर येऊन नाव सांगायचे. सखुबाई, यशोदा, ठमी. काही जणी सांगताना लाजून पदर तोंडात धरायच्या. एका म्हातारीला आपलं नाव आठवेचना. खूप वेळ विचार करून ती म्हणाली, "लहानपणी माय काई म्हणत होती वं… चंद्रभागा म्हणत होती का काय," आणि मग स्वतःशीच हसत बसली. टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, गोंड बायांना असली लाज नव्हती, त्यांनी पटवाऱ्याच्या तोंडावर नावं सांगितली. दसऱ्याला नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आलेली कौसल्या तर पांढऱ्या लुगड्यात अंगणातच येऊन उभी राहिली. "लिवा, कौसल्या. मोठ्या अक्षरात लिवा." अशी त्रेचाळीस नावं झाली. शेवटचं घर आमचं.

वहिनी दिवाळसणाला बल्लारशाला गेली होती. बाबा आणि दादा बांधीवर, माय मागच्या अंगणात. पटवाऱ्यानं सपरीत बसून बाबांचं नाव लिहिलं, मायचं गिरजा लिहिलं, दादाचं लिहिलं. "अन सून?" वही मांडीवर धरून तो थांबला होता. विमल. तीन अक्षरं होती, जिभेवर होती. मी म्हटलं, "घरात सारे सूनबाईच म्हणतेत." तो दमला होता, त्याला पुढच्या गावी जायचं होतं. "मंग काय लिवू?" "लिवा ना, नामदेवची बायको." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. मी त्याला गुळाचा चहा करून दिला.

रागाच्या भरात गेलं असं म्हणून मी सुटले असते, पण पुढचंही सांगायला पाहिजे. काही दिवसांनी यादी चावडीच्या भिंतीवर लागली. ज्याचं नाव सुटलं त्यानं सांगावं, जोडून मिळेल, अशी दवंडी झाली. बाबांनी वाचायला मला पाठवलं, सूनबाईनं चावडीवर कसं जायचं म्हणून. मी उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी वाचली. आमच्या घराची तीनच नावं होती. एका बोटानं मी त्या ओळी दोनदा मोजल्या आणि घरी येऊन म्हटलं, "सारे हायेत." वहिनीनं विचारलं, "माझंही?" मी म्हटलं, "सारे म्हणजे सारेच ना." ती इतकी खूश झाली की तिनं त्या दिवशी साळीच्या पिठाच्या अनारशांचा घाट घातला.

थंडीत आपला देश हॉकीत जिंकला. बातमी पहिल्यांदा लाकडाच्या ठेकेदाराच्या बॅटरीच्या रेडिओवर आली आणि बाबा तीन मैल धावत आल्यासारखे घामेजून घरी आले, थेट आतल्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, एकच गोल! एकच!" मी त्यांच्या वाटेतच उभी होते. मला ओलांडून गेले ते.

आणि मग वहिनीनं ते सुरू केलं. तिला कळलं होतं की बायांना मत कसं द्यायचं ते ठाऊक नाही. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चित्र, आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वहिनीनं आमच्या सपरीत चार टोपल्या पालथ्या घालून मांडल्या, प्रत्येकीला वरून एक फट पाडली, खडूनं चित्रं काढली, आणि कागद म्हणून पळसाचं पान. दुपारी भांडी-धुणी आटोपून बाया यायच्या, रांग लावायच्या, घडी घालून पान टाकायच्या. हसण्यानं सपरी दणाणायची. आमच्या मायनं पहिल्या दिवशी पानाचे चार तुकडे केले आणि चारही टोपल्यांत एकेक टाकला. "काऊन वं मामी?" वहिनीनं विचारलं. माय म्हणाली, "चारी जण दारात आले, चौघायनं हात जोडले. एकाले देऊ अन तिघायले नाई म्हणू? असं कसं?" वहिनीनं तिला जवळ बसवून समजावलं. तीन दिवस लागले. ज्या बायांची नावं मी कानात ऐकून आणली होती, त्या आता माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हत्या. आल्या की विचारायच्या, "नामदेवची बायको हाये ना घरी?" मी खांबाला टेकून पाहत राहायचे आणि मनात म्हणायचे, शिकव, शिकव. तुला कुठे टाकायचंय.

मतदान दोन मैलांवरच्या गावच्या शाळेत होतं. सकाळीच बाया निघाल्या, सणाची लुगडी नेसून, पोरं कडेवर घेऊन, आणि सगळ्यांपुढे वहिनी, तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्यात. मला मत नव्हतं, पण मी गेले. खरं सांगते, ते पाहायलाच गेले. बायांची रांग वेगळी होती, वहिनी पहिली. टेबलामागे चष्मेवाले साहेब होते, कुठल्याशा शाळेतले मास्तर असावेत. त्यांनी नाव विचारलं.

"विमल," ती म्हणाली. नवऱ्याचं विचारलं. "नामदेव." ते तिनं इतकं सहज घेतलं की मागच्या बायांनी एकदम श्वास आत ओढला. साहेबांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. "या घरात सीताराम, गिरजा, नामदेव. चौथं नाव नाही."

"पुन्हा एक डाव पाहा ना साहेब."

"बाई, यादीत नाही त्याला मी कागद देऊ शकत नाही."

बाबा पुरुषांच्या रांगेतून आले. कोपऱ्यात पटवारी होता, त्याला बोलावलं. त्यानं पिशवीतली जुनी वही काढली, बोट फिरवलं, आणि कान खाजवत म्हणाला, "इथी 'नामदेवची बायको' लिवून हाये भाऊ. वरून काटलं असन." बाबांचा आवाज चढला. "कोनं सांगतलं असं लिवाले?" पटवाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. वहिनीनं आमच्या दोघांकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि बाबांना म्हणाली, "मी दिवाळीले माहेरी होती मामाजी. राहून गेलं असन." मग ती रांगेतून बाजूला झाली आणि मागच्या बाईला म्हणाली, "जाय बाई, तुझा नंबर हाये."

मला त्या घटकेला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. आत काहीतरी गार गार उतरलं, खूप दिवसांची तहान भागल्यासारखं. पण तो आनंद फार टिकला नाही. वहिनी शाळेच्या अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली आणि आत जाणाऱ्या बाया आपली पोरं तिच्या मांडीवर टाकून जायला लागल्या. बाहेर आली की प्रत्येक बाई आधी तिच्याकडे जायची, शाई लागलेलं बोट तिच्यापुढे धरायची. चंद्रभागा म्हातारी तर रडायलाच लागली. मायनं येऊन सांगितलं, "एकाच पेटीत टाकला वं. नाई फाडला." त्रेचाळीस बाया आणि माय, सगळ्या तिच्याभोवती. माझ्याकडे कोणी आलं नाही. तिचं मत मी हिरावून घेतलं होतं आणि तरी तो दिवस तिचाच झाला होता. मला पुन्हा तिचा हेवा वाटला. बाबांसमोर तिनं मला सावरून घेतलं, त्या मोठेपणाचाही वाटला. मला असं कधी जमलं नसतं.

पुढच्या निवडणुकीपासून वहिनीनं प्रत्येक वेळी मत दिलं, नातवंडांची नावं यादीत लागलेली पाहूनच तिनं डोळे मिटले. हे त्या पहिल्या खेपेचं मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं, दादालाही नाही.

त्या दिवशी शाळेतून परत येताना वहिनी बायांबरोबर पुढे चालली, मी मागे. घरी आल्यावर ती लुगडं बदलून मागच्या अंगणात पाट्यावर मिरची वाटायला बसली. ऊन कलत होतं. मी उगाच बादली घेऊन तिथून दोनदा गेले. तिसऱ्यांदा तीच बोलली, हात न थांबवता.

"बाई, तुमाले माझं नाव माहीत होतं ना?"

मी हो म्हटलं. तिथे खोटं बोलायला जागा नव्हती.

"मले वाटलं, या घरात कोणालेच माहीत नाई," ती म्हणाली. "म्हणून राहिलं असन, असं वाटलं." वरवंटा दोनदा पुढे-मागे गेला. "लग्नात भटजीनं घेतलं होतं. त्याच्यानंतर कोणीच नाई घेतलं. तुमचे दादाबी 'ऐकतं का' म्हणतेत. आज त्या साहेबानं विचारलं त मीच घेतलं, तर माझ्याच कानाले कसंतरी लागलं."

मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, बाबांना सांगते म्हणेल. त्याची मी तयारी केली होती, उत्तरंही ठरवून ठेवली होती. हिच्याजवळ काय काय आहे ते मी इतके महिने मोजत होते, आणि हिच्याजवळ साधं नावही उरलं नव्हतं. मी बादली खाली ठेवली.

"मले हाक मारा एक डाव," ती म्हणाली. "नावानं."

मोठ्या वहिनीला नावानं हाक मारायची रीत आमच्यात नव्हती. गावच्या इतक्या बायांची नावं मी अंगणात उभी राहून सांगितली होती, आणि आता हे एकच नाव घ्यायचं होतं. मी कसंबसं पुटपुटले.

"ऐकू नाई आलं."

मी पुन्हा घेतलं. आतून बाबांनी डोकावून पाहिलं. माय हातातलं सूप घेऊन दारात आली. मग मी घसा फाडून, टोल्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "विमल!"

वहिनीनं वरवंटा बाजूला ठेवला, मिरचीचे हात लुगड्याला लागू नयेत असे वर धरले आणि म्हणाली, "ओ."